गावं लाल, शहरं निळी: ही वाटणी किती जुनी?

दर चार वर्षांनी नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी रात्री टीव्हीवर अमेरिकेचा नकाशा येतो. मध्ये अफाट पसरलेला लाल रंग, दोन्ही किनाऱ्यांवर आणि अधेमधे निळे ठिपके. ठिपके म्हणजे शहरं, बाकीचा लाल भाग म्हणजे गावं. शहरातला माणूस डेमोक्रॅट, गावातला रिपब्लिकन. भारतातून नव्याने आलेल्या माणसाला तर हे कायमचंच असल्यासारखं वाटतं. इथली शेतकरी माणसं पहिल्यापासून अशीच असणार, असं आपण गृहीत धरतो आणि पुढे जातो.

प्रत्यक्षात हा नकाशा फार तर पंचवीस-तीस वर्षांचा आहे. त्यातले रंगसुद्धा तेवढेच जुने. २००० सालच्या निवडणुकीचा निकाल पाच आठवडे लांबला, रोज तोच नकाशा टीव्हीवर दिसत राहिला, आणि रिपब्लिकन लाल व डेमोक्रॅट निळे हा संकेत तेव्हा पक्का झाला. त्याआधी वेगवेगळ्या वाहिन्या आपापल्या मर्जीने रंग वापरत असत.

आता १९८८ चा निकाल पाहा. थोरले जॉर्ज बुश जिंकले, आणि त्यांनी जिंकलेल्या राज्यांत कॅलिफोर्निया, इलिनॉय, न्यू जर्सी, कनेटिकट आणि व्हरमाँट होती. त्यांच्यासमोर उभे असलेले डेमोक्रॅट मायकल डुकाकिस सपाटून हरले, पण आयोवा आणि वेस्ट व्हर्जिनिया त्यांनी जिंकली. आज ही राज्यं नेमक्या उलट बाजूंना आहेत. हे सगळं आपल्यातल्या अनेकांच्या डोळ्यांसमोर घडलं. आपल्या संघटनांमधली जी मंडळी सत्तरच्या दशकात इथे आली, त्यांनी पहिल्यांदा मतदान केलं ते या दुसऱ्याच अमेरिकेत.

गाव आणि शहर यांच्यातला ताण इथे जुना आहे. पण त्यातलं कोण कोणत्या पक्षाच्या मागे उभं आहे, हे अनेकदा बदललं आहे. त्या बदलांची कारणं शोधता येतात, आणि अगदी अलीकडच्या बदलात आपणही सामील आहोत.

कर्जबाजारी शेतकऱ्यांचा उमेदवार

सुरुवात १८९६ पासून करू. धान्याचे आणि कापसाचे भाव वर्षानुवर्षं पडत होते, कर्जाचा बोजा मात्र तेवढाच राहत होता. चलन सोन्याशी बांधलेलं असल्यामुळे पैसा दुर्मीळ आणि महाग झाला होता. चांदीची नाणी मुक्तपणे पाडा, म्हणजे पैसा वाढेल, भाव चढतील आणि कर्ज फेडता येईल, अशी पश्चिमेतल्या आणि दक्षिणेतल्या शेतकऱ्यांची मागणी होती. नेब्रास्काचा ३६ वर्षांचा विल्यम जेनिंग्ज ब्रायन ही मागणी घेऊन शिकागोच्या अधिवेशनात बोलला आणि त्या भाषणाच्या जोरावर डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार झाला. शहरं जाळली तरी पुन्हा उभी राहतील, पण शेतं उद्ध्वस्त केलीत तर शहरांच्या रस्त्यांवर गवत उगवेल, असा त्याचा मुद्दा होता. १९८० च्या चाकणच्या कांदा आंदोलनानंतर शरद जोशींची 'भारत विरुद्ध इंडिया' ही मांडणी ज्यांनी ऐकली आहे, त्यांना ब्रायन फारसा परका वाटणार नाही.

ब्रायन हरला. न्यूयॉर्क, शिकागो, फिलाडेल्फिया ही मोठी शहरं रिपब्लिकन मॅकिन्ले यांच्याकडे गेली. महागाई वाढली तर ती आधी मजुरीला खाईल, ही कारखान्यातल्या कामगाराची भीती होती आणि ती चूक नव्हती. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी शेतकऱ्यांच्या असंतोषाचा पक्ष डेमोक्रॅटिक होता, आणि उत्तरेकडची औद्योगिक शहरं रिपब्लिकन होती.

पुढच्या तीस वर्षांत शहरं बदलली. युरोपातून आलेले आयरिश, इटालियन, पोलिश, ज्यू स्थलांतरित शहरांत स्थिरावले. १९२० च्या जनगणनेत पहिल्यांदाच शहरी लोकसंख्या ग्रामीण लोकसंख्येपेक्षा जास्त भरली. याची गावाकडच्या खासदारांना इतकी धास्ती बसली की त्या दशकात काँग्रेसने प्रतिनिधिगृहाच्या जागांचं नवं वाटपच केलं नाही. अमेरिकेच्या इतिहासात असं एवढ्या एकाच दशकात झालं. दारूबंदी आणि १९२४ चा स्थलांतरविरोधी कायदा हेही त्याच काळातले. १९२४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन न्यूयॉर्कला भरलं, तेव्हा दारूबंदीवाले प्रॉटेस्टंट गावकरी आणि कॅथलिक शहरी हे पक्षाचे दोन गट एकमेकांना हटेनात. उमेदवार ठरायला मतदानाच्या १०३ फेऱ्या लागल्या.

चार वर्षांनी पक्षाने न्यूयॉर्कच्या अल् स्मिथ यांना उभं केलं. ते कॅथलिक होते आणि दारूबंदीच्या विरोधात होते. त्यांचा मोठा पराभव झाला. टेक्सस, व्हर्जिनिया, फ्लॉरिडा अशी परंपरेने डेमोक्रॅट असलेली राज्यंसुद्धा निसटली. पण त्याच निवडणुकीत मॅसॅच्युसेट्स आणि ऱ्होड आयलंड त्यांच्याकडे आली, आणि देशातल्या मोठ्या शहरांची एकत्र मतं मोजली तर ती पहिल्यांदा डेमोक्रॅटिक बाजूला झुकलेली दिसली. शहरं निळी व्हायला लागली ती इथून.

विजेची तार

शहरं डेमोक्रॅट झाली म्हणून गावं लगेच रिपब्लिकन झाली नाहीत. महामंदी आली आणि फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी दोघांनाही एकाच पक्षात आणलं. शहरी कामगाराला युनियनचा कायदेशीर हक्क आणि सोशल सिक्युरिटी मिळाली, शेतकऱ्याला पिकाच्या भावाचा आधार आणि वीज. तीसच्या दशकाच्या मध्यात शहरातल्या दहांपैकी नऊ घरांत वीज होती, आणि शेतावरच्या दहा घरांपैकी जेमतेम एकात. खाजगी कंपन्यांना विरळ वस्तीत तारा टाकणं परवडत नव्हतं. रूझवेल्ट सरकारने ग्रामीण विद्युतीकरणासाठी स्वस्त कर्जं दिली, शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढल्या आणि दिवे लागले. सहकारी साखर कारखान्याने गावाचं राजकारण कसं घडवलं, हे पश्चिम महाराष्ट्रातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. त्यातल्या बऱ्याच वीजसंस्था आजही चालू आहेत. त्यांच्या मीटरवर ज्यांचं बिल येतं, त्यांतले बहुतेक आता दुसऱ्या पक्षाला मत देतात.

ही बांधणी बरीच टिकली. १९४८ मध्ये सगळे जाणकार ट्रूमन हरणार म्हणत होते. मक्याचे भाव घसरलेले होते, धान्य साठवायला सरकारी कोठारं अपुरी होती, आणि रेल्वेने गावोगाव फिरणाऱ्या ट्रूमन यांनी त्याचं खापर रिपब्लिकन काँग्रेसवर फोडलं. शेतकऱ्यांच्या आयोवाने त्यांना निवडलं.

यात एक काळी बाजू आहे. त्या काळातल्या दक्षिणेतल्या 'ग्रामीण डेमोक्रॅट' मतांत कृष्णवर्णीय जवळजवळ नव्हतेच, कारण त्यांना मतदानापासून कायद्याने आणि दहशतीने दूर ठेवलं होतं. १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मतदान हक्क कायदा झाल्यावर दक्षिणेतले गोरे मतदार हळूहळू रिपब्लिकन होत गेले. पण यावरून सगळ्या ग्रामीण भागाचं स्पष्टीकरण मिळत नाही. १९७६ मध्ये जॉर्जियातल्या प्लेन्स गावचे भुईमुगाचे शेतकरी जिमी कार्टर जिंकले ते दक्षिणेतल्या गावांसकट, आणि तेव्हा कॅलिफोर्निया, इलिनॉय, न्यू जर्सी मात्र फोर्ड यांच्याकडे होती.

ही तीन राज्यं रिपब्लिकन का होती? मुख्यतः सबर्बमुळे. दुसऱ्या महायुद्धानंतर सैनिकांना मिळालेली घरकर्जं आणि १९५६ च्या कायद्याने बांधलेले महामार्ग यांमुळे गोरा मध्यमवर्ग शहराबाहेर गेला. कॅलिफोर्नियाची ऑरेंज काउंटी १९४० पासून २०१२ पर्यंत प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीत रिपब्लिकन राहिली. शिकागोच्या पश्चिमेची ड्यूपेज काउंटी, जिच्यात नेपरव्हिलचा मोठा भाग येतो, ती तर १८५२ नंतर थेट २००८ मध्ये डेमोक्रॅट झाली.

एका पिढीत उलटलेल्या काउंट्या

आकडे पाहिले की नव्वदचं दशक हा उंबरठा होता हे लक्षात येतं. देशात सुमारे ३,१०० काउंट्या आहेत. १९९२ आणि १९९६ मध्ये बिल क्लिंटन यांनी त्यातल्या जवळजवळ निम्म्या, म्हणजे दीड हजारांच्या आसपास जिंकल्या. २००० मध्ये अल् गोर यांना देशभरात बुश यांच्यापेक्षा पाच लाख मतं जास्त मिळाली, पण काउंट्या सातशेच्याही आत. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांनाही एकूण मतं जास्त होती आणि काउंट्या पाचशेच्या आत. २०२० मध्ये बायडन पाचशेहून थोड्या जास्त काउंट्या घेऊन अध्यक्ष झाले.

वेस्ट व्हर्जिनिया १९३२ पासून १९९६ पर्यंत फक्त तीन वेळा रिपब्लिकन झाली होती: १९५६, १९७२ आणि १९८४. तिन्ही वेळा देशभर रिपब्लिकन लाट होती. २००० मध्ये ती बुश यांच्याकडे गेली. तिची पाच मतं गोर यांना मिळाली असती तर फ्लॉरिडातल्या मतमोजणीच्या वादाला काही अर्थच उरला नसता. त्याच राज्यातली मॅकडॉवेल काउंटी घ्या. १९५० मध्ये तिथे एक लाखाच्या जवळ वस्ती होती आणि कोळशाच्या खाणी जोरात होत्या. केनेडी यांनी १९६० मध्ये तिथली गरिबी पाहिली आणि पुढच्या वर्षी अन्नकुपनांची योजना तिथूनच सुरू झाली. २००८ मध्ये या काउंटीने ओबामांना बहुमत दिलं. २०१६ मध्ये तिथे चारांपैकी तिघांनी ट्रम्प यांना मत दिलं. २०२० च्या जनगणनेत तिथे वीस हजारांहून कमी माणसं उरली होती.

केंटकीमधली एलियट काउंटी याहून बोलकी आहे. वस्ती सात-आठ हजार, जवळजवळ सगळी गोरी. १८६९ मध्ये स्थापना झाल्यापासून २०१२ पर्यंत प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीत ही काउंटी डेमोक्रॅट राहिली. त्यांनी ओबामांना दोनदा निवडलं. २०१६ मध्ये ट्रम्प यांना ७० टक्के मतं मिळाली. आयोवाच्या हॉवर्ड काउंटीने ओबामांना २०१२ मध्ये २० टक्क्यांहून जास्त फरकाने निवडलं आणि चार वर्षांनी तितक्याच फरकाने ट्रम्प यांना. आठ वर्षांत दोनदा ओबामा आणि मग ट्रम्प अशा दोनशेहून अधिक काउंट्या होत्या, त्यातल्या ३१ एकट्या आयोवात.

मग झालं काय?

पहिलं कारण पोटापाण्याचं. गोर यांनी जिंकलेल्या काउंट्यांतून देशाच्या सकल उत्पादनाचा सुमारे ५४ टक्के भाग येत होता, हिलरी क्लिंटन यांच्या काउंट्यांतून ६४ टक्के, बायडन यांच्या काउंट्यांतून सुमारे ७० टक्के. हा हिशोब ब्रुकिंग्ज संस्थेचा आहे. पैसा, विद्यापीठं, इस्पितळं, सॉफ्टवेअर हे सगळं काही महानगरांत गोळा होत गेलं. आपल्यातले बहुतेक जण ज्या नोकऱ्यांसाठी इथे आलो, त्या याच महानगरांत होत्या.

दुसरं कारण मधल्या संस्था नाहीशा झाल्याचं. खाणकामगाराला डेमोक्रॅटिक पक्ष भेटत असे तो युनियनच्या हॉलमध्ये. १९५० च्या आसपास वेस्ट व्हर्जिनियात सव्वा लाखाच्या घरात खाणकामगार होते, आता पंधरा हजारांच्या आसपास आहेत. केंटकीच्या तंबाखू शेतकऱ्यांना न्यू डीलपासून मिळणारं भावाचं संरक्षण २००४ च्या कायद्याने संपलं. गावोगावची वर्तमानपत्रं बंद पडली. स्थानिक प्रश्नांवर बोलणारं कोणी राहिलं नाही, तेव्हा मतदान बंदूक, गर्भपात, स्थलांतर, हवामान अशा देशपातळीवरच्या प्रश्नांवर होऊ लागलं, आणि त्या प्रश्नांवर दोन्ही पक्षांनी स्पष्ट बाजू घेतल्या होत्या.

तिसरं कारण आकड्यांत येत नाही. विस्कॉन्सिनच्या प्राध्यापक कॅथरीन क्रेमर २००७ पासून गावोगावच्या पेट्रोलपंपांवर, हॉटेलांत सकाळी कॉफीला जमणाऱ्या मंडळींत जाऊन बसल्या आणि नुसतं ऐकत राहिल्या. लोक सांगत होते: निर्णय मॅडिसन आणि मिल्वॉकीत होतात, पैसा तिकडे जातो, आणि आमच्याबद्दल तिथे आदर नाही. यातल्या पैशाच्या तक्रारीला सरकारी आकडे नेहमी साथ देत नाहीत. पण आदराची तक्रार आकड्यांनी खोडता येत नाही. हे सगळं त्यांनी ऐकलं तेव्हा ट्रम्प राजकारणात उतरलेलेही नव्हते.

ग्रामीण मतदारांची संख्या घटते आहे, मग त्यांचं वजन का वाढतं? एक तर मताधिक्यामुळे. प्यू संशोधन केंद्राच्या पाहणीत २०१६ मध्ये ग्रामीण मतदारांपैकी ५९ टक्क्यांनी ट्रम्प यांना मत दिलं, २०२० मध्ये ६५ आणि २०२४ मध्ये ६९ टक्क्यांनी. आणि दुसरं, इलेक्टोरल कॉलेजमुळे. बहुतेक राज्यांत जो एका मताने पुढे तो सगळी मतं घेऊन जातो. २०१६ चा निकाल विस्कॉन्सिन, मिशिगन आणि पेनसिल्व्हेनियातल्या मिळून ७८ हजार मतांनी ठरला. कॅलिफोर्नियात डेमोक्रॅट लाखो मतांनी जास्त जिंकले तरी त्याचा उपयोग विस्कॉन्सिनमध्ये होत नाही.

आपली सबर्ब

आता आपल्याकडे वळू. हिशोबाला गाव आणि शहर असे दोनच रकाने पुरत नाहीत, कारण अमेरिकेतली साधारण निम्मी माणसं या दोन्हींच्या मधे, सबर्बमध्ये राहतात. गेल्या वीस वर्षांत तीच सबर्ब बाजू बदलत आली आहे. वॉशिंग्टनजवळची लाउडन काउंटी १९९० मध्ये ८६ हजार वस्तीची होती, २०२० मध्ये ती चार लाख वीस हजारांची झाली. २००४ मध्ये तिथे बुश यांना ५६ टक्के मतं होती, २०२० मध्ये बायडन यांना साठहून जास्त. ह्यूस्टनजवळची फोर्ट बेंड काउंटी, म्हणजे शुगर लँड आणि परिसर, १९६४ नंतर पहिल्यांदा २०१६ मध्ये डेमोक्रॅट झाली. अटलांटाजवळची ग्विनेट १९७६ नंतर पहिल्यांदा, तीही २०१६ मध्येच.

या काउंट्यांची नावं आपल्याला महाराष्ट्र मंडळांच्या पत्त्यांमुळे ओळखीची आहेत. शाळा चांगल्या म्हणून आपण तिथे घरं घेतली. आपल्यासारखे स्थलांतरित आणि पदवीधर गोरे, या दोघांनी मिळून या काउंट्या बदलल्या. म्हणजे जुन्या सबर्बी रिपब्लिकन पक्षाने इथले मतदार गमावले आणि ती भरपाई गावांतून केली. वेस्ट व्हर्जिनियात एक गोष्ट घडली आणि लाउडनमध्ये दुसरी, असं नाही. एकाच उलथापालथीची ही दोन टोकं आहेत.

आणि ती उलथापालथ थांबलेली नाही. २०२४ मध्ये ट्रम्प यांची मतं सर्वांत ठळकपणे वाढली ती काही मोठ्या शहरांत आणि स्थलांतरितांच्या वस्त्यांत. न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये, जिथे आपल्यातल्या कित्येकांनी अमेरिकेतलं पहिलं वाणसामान घेतलं, त्यांची मतं सुमारे दहा टक्क्यांनी वाढली. मायामी-डेड काउंटी १९८८ नंतर पहिल्यांदा रिपब्लिकन झाली. न्यू जर्सीत बायडन यांची १६ टक्क्यांची आघाडी होती, हॅरिस यांची सहाच उरली. टेक्ससच्या सीमेवरची स्टार काउंटी जवळजवळ पूर्ण मेक्सिकन वंशाची आहे. २०१२ मध्ये तिथे ओबामांना ८६ टक्के मतं होती. २०२४ मध्ये ट्रम्प जिंकले, १८९२ नंतर तिथे जिंकणारे पहिले रिपब्लिकन. भारतीय वंशाच्या मतदारांतही हेच थोड्या प्रमाणात दिसलं. कार्नेगी संस्थेच्या पाहण्यांत २०२० मध्ये बायडन यांना सुमारे ७० टक्के पाठिंबा होता, २०२४ मध्ये हॅरिस यांना सुमारे ६० टक्के, आणि घट विशेष करून तरुण पुरुषांत होती. जेवणाच्या टेबलावरचे वाद वाढल्याचं अनेक घरांत जाणवलं असेलच.

काउंटीचा रंग म्हणजे माणसाचा रंग नव्हे. २०२० मध्ये एकट्या लॉस एंजेलिस काउंटीत ट्रम्प यांना साडेअकरा लाखांच्या आसपास मतं पडली, अख्ख्या ओक्लाहोमात मिळाली त्याहून जास्त. आणि मिसिसिपी डेल्टातली कृष्णवर्णीय गावं, डकोटातल्या मूळ रहिवाशांच्या वसाहती आणि जवळजवळ सगळं व्हरमाँट ग्रामीण असूनही डेमोक्रॅट आहे. तेच व्हरमाँट १८५६ पासून १९८८ पर्यंत एक १९६४ सोडलं तर सतत रिपब्लिकन होतं.

म्हणून 'ती माणसं तशीच असतात' हे वाक्य मला इतिहासाच्या कसोटीवर टिकणारं वाटत नाही. एलियट काउंटीतला साठीचा शेतकरी कार्टरना, क्लिंटनना, ओबामांना आणि मग ट्रम्पना मत देऊन बसलेला असू शकतो. त्याचं काय बदललं हे विचारायचं तर त्याच्या गावातली खाण, शाळा, इस्पितळ, वर्तमानपत्र यांचं काय झालं हेही विचारावं लागेल. आपण इथे नागरिक झालो, मतदान करतो, मुलं इथे वाढवतो. आपली सबर्बसुद्धा पुढच्या दोन-तीन निवडणुकांत कुठे असेल हे आज कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. सत्तर मैलांवरच्या ज्या गावातून आपण महामार्गाने नुसते पुढे जातो, तिथल्या माणसाबद्दल बोलताना एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.